लाल बटण दाबणाऱ्याला लिमलेट

भिवा सोनकांबळे यांनी उभ्या जन्मात ट्राम पाहिली नव्हती. मीही नाही. आमच्या चिखलीच्या बिल्डिंगीत ट्राम पाहिलेला माणूस शोधूनही सापडायचा नाही. तरी ह्या भागातली कितीतरी पोरं ट्राम चालवायला शिकली ती भिवाभाऊंच्या हाताखाली. खरी नव्हे, टेबलावरची. वीतभर लांबीची, लाल रंगाची, वर तारेला टेकणारी बारीक दांडी असलेली.

झालं असं, की बारक्या रेल्वेगाड्यांची हौस असलेल्या माणसांचं इथं एक मंडळ आहे. चांगली शिकलेली, नोकरीधंद्याची माणसं, पण सुट्टी आली की टेम्पोत टेबलं घालून निघतात. कधी पिंपळे सौदागरच्या एखाद्या सोसायटीच्या हॉलात, कधी सांगवीच्या शाळेत प्रदर्शन मांडतात. त्यांचा म्होरक्या धनेश. मारुंजीला राहतो, दिवसभर कॉम्प्युटरपुढं बसतो आणि रविवारी रुळापुढं. माझी नात अपेक्षा पाचवीत आहे, तिला ह्या प्रदर्शनाचं वेड, आणि तिला एकटी कोण सोडणार म्हणून मागोमाग मी. माझं काम ठरलेलं. टेबलाला हात पुरावा म्हणून पोरं बाकड्यावर चढतात, त्याआधी चपला काढतात. त्या चपला आणि पाण्याच्या बाटल्या राखत मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसते. चपला राखायला शाळा लागत नाही.

एखादं पोरगं भिवाभाऊंना विचारायचं, "आजोबा, ट्राम म्हणजे काय?"

"बस. पन तिला मनासारखं वळता येत न्हाई."

"मग ती रस्त्यात कुणी आलं तर काय करते?"

"घंटा वाजवती आन थांबती. आमच्या घरात मी हाय ना, तसंच."

भिवाभाऊंची बायको चिमाबाई माझ्या शेजारच्या खुर्चीवर असली तर तोंडाला पदर लावायची. आमच्याच बिल्डिंगीतली, पण माणसं मूळची उदगीरकडची. तरुणपणी इकडं आली ती चाकणच्या रस्त्यावरच्या एका लोखंडाच्या कारखान्यात. लालभडक लोखंड ठोकून त्याचे गाडीला लागणारे भाग करायचे, असं काम. भिवाभाऊ तिथं क्रेनवर होते. छताला लागून रुळावर सरकणारी क्रेन, तिच्या केबिनमध्ये दिवसभर एकटे वर बसायचे. खाली ठोकण्याचा आवाज एवढा, की बोललेलं शेजारच्याला ऐकू जायचं नाही. म्हणून खालचा माणूस हातानं खुणा करायचा आणि वरचा त्या खुणेवर चालवायचा. तळवा दाखवला की थांब. मूठ आवळली की हळू. बोट फिरवलं की ये.

रिटायर झाल्यावर ते पिंपळे सौदागरच्या एका हॉलवर वॉचमन म्हणून लागले. तिथंच हे प्रदर्शन आलं होतं. सगळ्या टेबलांवर गाड्या पळत होत्या, आणि एक टेबल कोपऱ्यात गप्प. ते करणारे गृहस्थ लहानपणी मुंबईत ट्रामनं शाळेत गेलेले. त्यांनी जुना बाजार, पुठ्ठ्याची कापडगिरणी, त्यामागून वळणारे रूळ, सगळं हौसेनं केलं आणि मग ते लेकीकडं परदेशी गेले. टेबल मागं राहिलं. त्याला एक पितळी हँडल होतं, खाचाखाचांनी पुढं सरकणारं. भिवाभाऊ कितीतरी वेळ त्या हँडलाकडं बघत उभे होते म्हणे. मग धनेशला म्हणाले, "हे आमच्या क्रेनवानी हाय. जरा हात लावू का?"

तेव्हापासून ते टेबल त्यांचं झालं. हँडल बाहेर निघतं. ते निघालं की ट्राम चालत नाही. प्रदर्शन संपलं की ते खिशात घालूनच घरी यायचे.

शिकवायची त्यांची रीत वेगळी. पोराच्या हातात आधी हँडल द्यायचे नाहीत. दोघं दोघं घ्यायचे. एक हँडलवाला, एक टेबलापलीकडं उभा राहणारा हातवाला. ट्राम गिरणीमागं गेली की हँडलवाल्याला दिसत नाही, हातवाल्याला दिसते. हँडलवाल्यानं नजर हातवाल्याच्या हातावर ठेवायची, ट्रामवर नाही.

एक वडील मागून सारखे म्हणत होते, "बेटा, ट्रामकडं बघ ना."

भिवाभाऊ म्हणाले, "साहेब, तुमी गाडी चालवताना शेजारी वहिनी 'हळू' म्हनत्यात, ऐकता का?"

"नाही ऐकत," त्यांची बायकोच बोलली.

"ह्या पोराला ऐकायला शिकवायलोय. तेवढं बिघडवू नका."

आणि टेबलाच्या कोपऱ्यावर एक लाल बटण. कुदळवाडीच्या भंगारातून आणलेलं, मोठ्या टोपीचं, कारखान्यात असतं तसं. ते दाबलं की वीज बंद आणि भोंगा सुरू. भोंगा वाजला की टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी दोन्ही हात वर करायचे, भिवाभाऊंनीसुद्धा. कुणी दाबलं, का दाबलं, विचारायचं नाही. ज्याचं काम चालू होतं त्यानं आपलं आपण बघून काय चुकतंय ते शोधायचं, तोवर हात खाली नाहीत. आणि शेवटी दाबणाऱ्याला भिवाभाऊंच्या खिशातून एक लिमलेटची गोळी.

आता पोरंच ती. गोळी मिळते कळल्यावर उगाच दाबायला लागली. एका दुपारी तर भोंगा थांबेना. धनेश वैतागला. "भिवाकाका, अशानं प्रदर्शन चालायचं कसं?"

"दाबू द्या. उगा दाबायची सवय लागली तरच कामाच्या वक्ताला हात जातोय."

गोळ्या वाटतच राहिले. चिमाबाई म्हणायची, "घरी साखर मागितली की डबा लपवत्यात, हितं बघा."

ह्या बटणामागं काय आहे ते धनेशला ठाऊक नव्हतं. मला चिमाबाईनं सांगितलं. कारखान्यात खाली खुणा करणारा माणूस होता बबनराव, भिवाभाऊंच्याच गावचा. दोघं एका खोलीत राहून वर आलेले. एके दिवशी बबनरावांच्या मागच्या बाजूला क्रेनच्या ओझ्याची साखळी सुटत होती. बबनरावांना दिसली नाही, वर भिवाभाऊंना दिसली नाही. तिसऱ्या एका कामगाराला दिसली. बटण त्याच्या हाताशी होतं. त्यानं दाबलं नाही. त्याआधी एकदा दाबलं तेव्हा काही निघालं नव्हतं, आणि काम अडवलं म्हणून साहेब त्याला सगळ्यांदेखत बोलला होता. बबनरावांचा पाय गेला. ते गावी परतले. भिवाभाऊ पुढं कितीतरी वर्षं त्याच केबिनमध्ये बसत राहिले.

तर असं सगळं चाललेलं असताना चिमाबाई एकदा माझ्याकडं पीठ चाळायला म्हणून आली आणि चाळण हातात धरून नुसतीच बसली.

"यशोदाबाई, ह्यांना डावीकडचं दिसंना झालंय."

"कधीपासून?"

"काय माय, सांगत्यात कुठं. दाराला धडकत्यात आन दाराला बोलत्यात. सरकारी दवाखान्यात नेलं. काचबिंदू हाय म्हनले. गेलेली नजर येत न्हाई, राहिलेली राखायची. थेंब दिल्यात."

"आणि धनेशला?"

"सांगू नका म्हनत्यात."

मी त्याच संध्याकाळी गेले. भिवाभाऊ चहा पीत बसले होते. मी समोर बसले.

"काय दिसतंय म्हणे तुम्हाला?"

"सगळं दिसायलंय. तुमच्या कानातली फुलं दिसायलीत. एक वाकडं हाय."

"माझ्या हातात काय हाय?" मी पितळी तांब्या त्यांच्या डाव्या अंगाला धरला होता.

त्यांनी मान पूर्ण वळवून तांब्याकडं बघितलं. "पानी देता का बघायला आला व्हता?"

"भिवाभाऊ, तिथं तापलेली डाखाची गन असती. पोरं असतात. माझी नात असती."

रूळ कुठं सुटला तर ते जागच्या जागी तापलेल्या गननं डाख लावून जोडायचे, त्याबद्दल मी बोलत होते.

"गन काढली की मी पोरांना मागं सारतो. आन अपेक्षाला डावीकडं उभं करतो. तिला वाटतंय मान दिला." त्यांनी कप खाली ठेवला, तो बशीच्या कडेवर बसला. "क्रेनवर सगळा जलम वर एकटा काढला. खाली मानसं मुंग्यावानी. आता पोरं हाताला धरून वढत्यात. धनेशभाऊ चांगला मानूस, सांगितलं तर तो मला मायेनं खुर्चीवर बसवील. आन मायेनं बसवलेल्या मानसाला पुन्यांदा कोन उठवतंय? सांगवीचं तेवढं होऊ द्या, मग सांगतो."

"सांगवी झाल्यावर तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगणार."

"व्हय," म्हणाले. "तुमी सांगालच."

सांगवीच्या शाळेत त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. आयाबाया मोबाइल वर धरून उभ्या. माझ्यापुढं चपलांचा ढीग. दुपारपर्यंत सगळं नीट चाललं. अपेक्षा भिवाभाऊंच्या डाव्या अंगाला, मान ताठ करून. मग हँडलावर एक नवखा मुलगा आला. त्याच्या समोर हातवाला कोणी शिकलेला हवा, म्हणून भिवाभाऊंनी अपेक्षाला टेबलापलीकडं पाठवलं. डावी बाजू मोकळी राहिली. मला ते दिसलं. मी उठले, पण मधे चपला, बाटल्या आणि माणसं.

गिरणीच्या अलीकडच्या वळणावर ट्राम अडली. रुळाचा सांधा सुटला होता. भिवाभाऊंनी रीतीप्रमाणं "मागं सरा" म्हटलं. त्यांच्या उजवीकडची पोरं सरली, समोरची सरली. त्यांनी गन उचलली, वाकले आणि सांध्यावर नजर लावली. तेवढ्यात डावीकडच्या बाकड्यावर एक बारकं पोर चढलं, अजून शाळेतसुद्धा न जाणारं. अडलेली ट्राम त्याला हवी होती. त्यानं हात लांब केला आणि पंजा रुळावर टेकवला. गन त्याच अंगाला चालली होती.

अपेक्षानं समोरून तळवा दाखवला. थांब. भिवाभाऊ सांध्याकडं बघत होते. तिनं दोन्ही तळवे दाखवले. मग ती बटणाकडं पळाली.

भोंगा वाजला. सगळ्यांचे हात वर. भिवाभाऊंचेही, एका हातात ती गन, टोकाला धूर. त्या पोरानंही बाकीच्यांचं बघून हात वर केले आणि हसलं.

भिवाभाऊंनी समोर बघितलं. उजवीकडं बघितलं. काही नव्हतं. मागच्या आया हसत होत्या, मोबाइल चालूच होते. "उगाच दाबलं असंल," भिवाभाऊ म्हणाले, "चालू द्या." पोरांनी हात खाली घेतले. अपेक्षानं घेतले नाहीत. ती टेबलापलीकडं तशीच उभी राहिली, दोन्ही हात वर, ओठ घट्ट. एकेका पोरानं तिच्याकडं बघून हात पुन्हा वर केले. मागच्या आयांचं हसणं थांबलं.

तेव्हा भिवाभाऊंनी मान वळवली. डावीकडं, पार खांद्यापर्यंत. ते पोर त्यांच्या कोपराला लागून उभं होतं.

गन ठेवायची तारेची घोडी डावीकडंच होती. ते गन तिच्यावर ठेवायला गेले, ती शेजारी पडली. टेबलाचं हिरवं कापड करपलं, वास सुटला. धनेशनं पुढं होऊन गनची पिन बोर्डातून काढली. त्यानं करपलेल्या जागेकडं बघितलं, मग त्यांच्याकडं.

"काका?"

"मला डावीकडचं दिसत न्हाई, धनेशभाऊ. लई दिसांपासून."

भोंगा अजून कुणी बंद केला नव्हता, म्हणून त्यांना ते मोठ्यानं म्हणावं लागलं. धनेशनं एक खुर्ची ओढून आणली आणि माझ्या शेजारी ठेवली. भिवाभाऊंनी हँडल काढून खिशात घातलं आणि येऊन बसले, चपलांकडं बघत. ट्राम गिरणीजवळ अडली ती दिवसभर तिथंच.

अपेक्षा त्यांच्यापुढं येऊन थांबली. बटण दाबणाऱ्याला गोळी मिळते. त्यांनी वर बघितलं नाही. ती जरा वेळ थांबली, मग जाऊन माझ्यामागं उभी राहिली.

घरी येताना रिक्षात तिनं विचारलं, "आजी, मी चुकले का?"

"न्हाई गं."

"मग गोळी का नाही दिली? उगाच दाबलं तेव्हा दिली होती. एकदा तर मी नुसतं बघायला दाबलं होतं, तेव्हापण दिली."

मी तिची वेणी नीट करत बसले, जी नीटच होती.

पुढं भिवाभाऊ घराबाहेर पडेनात. चिमाबाई सांगायची, खिडकीशी बसतात, हँडल हातात. धनेश येऊन गेला. खुर्चीवर बसून शिकवा, गन आणि हँडल दुसरं कोणी बघेल, म्हणाला. भिवाभाऊ "बघू" म्हणाले. हँडल काही दिलं नाही. धनेशनंही मागितलं नाही, जिन्यावर मला भेटला तेव्हा म्हणाला, "आजी, आता मागायचं कसं?" पिंपळे सौदागरचं प्रदर्शन तोंडावर आलं होतं. अपेक्षा म्हणाली, मी येणार नाही. ती जिन्यात त्यांच्या दारावरून जाताना पावलं दाबून जायची. दहा-अकरा वर्षांचं पोर, आणि काम बरोबर करून चोरासारखं चालत होतं. मला भिवाभाऊंची कीव यायची आणि रागही यायचा. जेवताना एका घासाला कीव, दुसऱ्याला राग.

मग एका दुपारी दार वाजलं. दार उघडंच होतं. भिवाभाऊ चौकट चाचपत होते, तिचाच आवाज. मी खुर्ची दिली. बसले नाहीत.

"चहा ठेवू?"

"नगं." भिंतीला हात लावून उभे राहिले. "बबनचा पाय गेला तवा तो तिसरा मानूस माझ्याकडं आला व्हता. म्हनला, साहेब पुन्हा बोलंल म्हनून भ्यालो. मी त्याला काय बोललो न्हाई. मला वाटायचं, त्या दिशी कुनी दाबलं असतं तर मी त्याचे पाय धरले असते."

मी हातातलं चहाचं भांडं खाली ठेवलं.

"हितं दाबलं की एका लेकरानं. आन मला राग आला. समद्यांम्होरं उघडं पाडलं म्हनून. त्या बारक्याचा हात वाचला, ते नंतर ध्यानात आलं. आधी राग आला, यशोदाबाई. साहेबाला आला असंल तसाच."

अपेक्षा सैपाकघराच्या दारात येऊन उभी होती, त्यांच्या डाव्या अंगाला. त्यांना दिसली नाही. मी सांगणार होते, पण तिनं माझ्याकडं बघून नको म्हणून मान हलवली.

"कुठं हाय ती?" त्यांनी खिशातून लिमलेट काढली आणि तळहातावर ठेवून समोर धरली, रिकाम्या जागेपुढं. "तिचं राहिलं व्हतं."

अपेक्षा भिंतीकडून वळसा घालून आली आणि बरोबर त्या तळहातापुढं उभी राहिली. त्यांना ती आधीपासून तिथंच आहे असं वाटावं, अशी. तिनं गोळी उचलली.

मग त्यांनी दुसऱ्या खिशातून हँडल काढलं. "हे धनेशभाऊला दे. आता माज्याकडं नगं."

"तुम्ही येणार नाही?"

"येऊन काय करू? तुज्या आजीसंगं चपला राखू?"

"जागा आहे," मी म्हणाले. "पण काम सोपं नाही. डावी-उजवी चुकली की आया भांडतात."

ते हसले नाहीत. अपेक्षानं हँडल काखेत धरलं, एक पाऊल मागं सरली आणि हात वर केला. आधी बोट फिरवलं. ये. मग मूठ आवळली. हळू. आणि पुन्हा बोट.

भिवाभाऊ तिच्या हाताकडं बघत राहिले. ट्रामकडं नाही, हाताकडं बघायचं, हे त्यांनीच शिकवलेलं.

"हळू म्हनती," ते मला म्हणाले, जसं काही मला दिसतच नव्हतं. आणि तिला म्हणाले, "येतो. पन हँडल तुज्यापाशी. आन गन काढली तर मला पार लांब बसवायचं."

जाताना ते चौकटीला पुन्हा धडकले, डाव्या खांद्यानं. चौकटीला काहीतरी बोलले. ते जिना उतरेपर्यंत मी दारात उभी होते. राहिलेली नजर किती दिवस राहील ते डॉक्टरनंही सांगितलेलं नाही.

आत आले तर अपेक्षा गोळीचा कागद सोलत बसली होती. कागद निघत नव्हता. इतके दिवस खिशात राहून तो गोळीला पार चिकटून बसला होता.